दातातली गोळी

शिसं वाईट असतं हे मला शिकवायला शिरगावची पोर आली. वाडीवाल्यांची पोर, चिकूच्या सावलीत वाढलेली. पायाला कधी खाडीचा चिखल लागला नसेल, आणि आली घिवलीच्या धर्माजीला पाग शिकवायला.

पाग म्हंजे आमचं फेकायचं जाळं. घेर गोल, आणि घेराच्या काठाला सगळीकडून शिशाच्या गोळ्या. त्या वजनानं जाळं झपकन बुडतं नि मासा आत सापडतो. गोळ्या मी घरीच करतो. चुलीवर पळीत शिसं वितळवायचं, साच्यात ओतायचं, गोळी दोरीवर चढवली की दातानं दाबून बसवायची. फेकताना पण काठाची एक गोळी दातात धरायची, म्हंजे पाग परातीसारखा गोल उघडतो. तोंड कधी सोडायचं, सगळी कला त्यात. माझ्या बापानं हेच केलं, मी चाळीस वर्सं हेच करतो.

दिशा तिचं नाव. पालघरच्या कॉलेजात शिकते आणि कसल्याशा संस्थेसाठी फुकट राबते. बोईसरच्या एका लेथवाल्याकडून तिनं स्टीलचे मणी पाडून आणले होते. ओट्यावर पिशवी ठेवून म्हणाली, "काका, शिसं तोंडावाटे पोटात जातं, रक्तात जातं. सगळं गाव तुमच्याकडे बघून पाग टाकतं. तुम्ही हे मणी लावलेत तर सगळे लावतील."

"बोईसरला एवढे धूर ओकणारे कारखाने हायत," मी म्हटलं, "आणि जगात विष म्हणून तुला माझी गोळीच सापडली?"

शेजारचा कमलाकांत ओट्यावरच बसला होता. त्याला तेवढंच निमित्त. "पोरी, आधी एक पाग टाकून दाखव. मग अक्कल शिकव."

"मला येत नाही," ती म्हणाली. "म्हणून तर काकांकडे आले."

असं सरळ बोलणारं माणूस मला आवडत नाय. त्याच्याशी धड भांडता पण येत नाय. मी तिची पिशवी उचलून पायरीवर ठेवली आणि म्हटलं, चालू लाग.

खरं सांगतो, राग तिचा नव्हता. ती जे सांगत होती ते मला आधीच ठाऊक होतं, त्याचा राग होता.

माझा उजवा हात मनगटातून लुळा पडत चालला होता. मूठ जेमतेम वळायची, पण मनगट वर करायला गेलं की पंजा खाली लोंबायचा. बोईसरच्या डाक्टरकडे गेलो तर गावातलं कोणीतरी बघणार, म्हणून दोन गाड्या बदलून मनोरला गेलो. डाक्टरनं विचारलं, बॅटरीच्या कारखान्यात होता का? म्हटलं नाय, मासे मारतो. रक्त तपासलं, तर रक्तात शिसं निघालं, नको एवढं. शिशाला हात लावायचा नाय, औषध घ्या, पुढच्या आठवड्यात परत या, म्हणाला. मी रिपोर्टाची घडी पत्र्याच्या पेटीत जुन्या सदऱ्याखाली दडवली आणि मनोरला परत गेलो नाय. माझ्या बायकोला, जमनाला पण पत्ता लागू दिला नाय.

तुमी म्हणाल म्हातारा येडा हाय. असेन. पण आमच्याकडे कोणाचंही जाळं छान गोल पडलं की लोक म्हणतात, "धर्माजीचा पाग पडला." दुसरं काय कमावलंय मी? हात चालला होता, तो जाऊ दे. नाव तरी राहावं, एवढंच मला पायजे होतं.

पोर चार दिवसांनी पुन्हा आली. चिवट जात. तिच्या तोंडाकडे बघता बघता माझ्या डोक्यात शिरलं, हिचे मणी लावले आणि पाग वाकडा पडला तर दोष कोणाचा? मण्यांचा. मला कोण बोलणार?

"लाव तुझे मणी," मी म्हटलं. ती एवढी खूश झाली की मला तिची आणखी चीड आली.

रविवारी ओहोटीला अर्धं गाव खाडीवर जमलं. स्टील शिशापेक्षा हलकं, म्हणून तिनं जास्तीचे मणी ओवून आणले होते. अभ्यास करून आली होती, ते कबूल करतो. मी पाग खांद्यावर घेतला, एक मणी दातात धरला, कंबर वळवली. पंजा फिरलाच नाय. पाग ओल्या लुंगीसारखा गोळा होऊन पाण्यात पडला.

गाव हसलं. मी पण हसलो. "बघा बाबांनो," म्हटलं, "ह्यात माझा काय दोष? वजनच नाय."

तिनं तिथंच बसून आणखी मणी ओवले. मी पुन्हा टाकला, पुन्हा गोळा. मणी लावू म्हणणाऱ्या अकरा जणांची नावं तिच्या वहीत होती. संध्याकाळपर्यंत एकेकानं अंग काढून घेतलं. कमलाकांत म्हणाला, "धर्माजीला जमेना, तिथं आमी कोण?"

पुढं दीड महिना मी तोच मण्यांचा पाग वापरला. वाकडा पडला की मण्यांना शिव्या. लोकांना वाटायचं, म्हातारा पोरीचं मन राखतो, केवढं मोठं मन. मी मान डोलवायचो. लाज वाटत होती, नाय असं नाय. पण लाज कोणाला दिसत नाय, हात दिसतो.

एका दुपारी ती एकटीच आली. मी ओट्यावर चहा पीत होतो, कप डाव्या हातात. ती बराच वेळ त्या कपाकडे बघत राहिली.

"काका, उजवा हात पुढं करा."

"का? भविष्य सांगतेस?"

"फक्त मनगट वर उचलून दाखवा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ऊठ," म्हटलं. "तुझ्या मण्यांची शोभा झाली, आता माझी करायची हाय? पुन्हा ह्या ओट्यावर पाय ठेवलास तर केरसुणी घेऊन मागं लागेन."

ती उठली. चपला घालताना म्हणाली, "मी कोणाला सांगणार नाही. ते तुम्हीच सांगायचं. पण औषध घ्या."

आणि खरंच कोणाला बोलली नाय. बाजारात बाया तिला "ती बघ मणीवाली" म्हणून चिडवायच्या. एक शब्द काढला असता तर तिचं खरं झालं असतं. नाय काढला. त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

संस्थेनं शेवटी मोहीम गुंडाळली. रविवारी ती मणी परत न्यायला खाडीवर आली. पागावरचे मणी उतरवून तिनं पिशवीत भरले. मंडळी होतीच. "घेऊन जा तुझे दागिने," कमलाकांत म्हणाला, आणि माझ्या मुलाकडे वळला. सुजीत तिशीचा, बोईसरला कंपनीत जातो, सुट्टीला माझ्यासोबत असतो. "सुजीत, हिला जाता जाता दाखव रे खरा पाग कसा पडतो. बापाचा जुना काढ."

सुजीतनं माझा जुना, शिशाचा पाग खांद्यावर घेतला. मी शिकवला तस्सा. दोरी डाव्या मनगटाला गुंडाळली, काठ उचलला आणि गोळी दातात धरली. ती गोळी मीच दाबून बसवलेली. तिच्यावर माझ्या दातांच्या खुणा होत्या.

दिशा माझ्याकडे बघत होती, तोंड मिटून.

"थुंक ते," मी म्हटलं.

सुजीतला कळलं नाय. गोळी दातात तशीच, त्यानं नुसत्या भुवया उडवल्या.

"थुंक म्हणतो ना. काढ तोंडातून."

"काय झालं रे धर्माजी?" कमलाकांत म्हणाला.

मी उजवा हात सगळ्यांसमोर पुढं केला. पंजा खाली लोंबला. "हा उचलत नाय," म्हटलं. "आठ महिने होत आले. मण्यांनी नाय, शिशानं. मनोरच्या डाक्टरचा कागद पेटीत हाय, जुन्या सदऱ्याखाली, जाऊन बघा. मणी चांगले हायत. पाग मला टाकता येत नाय. माझं नाव जाईल म्हणून मी ह्या पोरीचं घालवलं."

कोणी हसलं नाय. कमलाकांत चिखलात बघायला लागला. सुजीतनं गोळी सोडली, बाहीनं तोंड पुसलं, आणि माझा पंजा दोन्ही हातांनी वर धरला. सोडला तसा तो पुन्हा खाली गेला. "बाबा, तू घरात पण नाय सांगितलंस," तो म्हणाला.

दिशा रडत होती. त्याची पण चीड आली मला.

"रडतेस काय," म्हटलं. "बस खाली, पिशवी उघड. ह्या पागाला मणी लाव. बाकीचा सावकाश कर. आधी ती दातातली काढ."