थंड झालेली कॉफी

अम्मानपलीकडच्या त्या डोंगरगावात एक रीत आहे. मोठं मागणं असलं की थोर मंडळी घेऊन घरी जायचं, आणि घरधनी ‘दिलं’ म्हणेस्तोवर पुढ्यातल्या कॉफीला हात लावायचा नाही. धियाबच्या घरून आजवर कुणी कोरड्या तोंडानं परतलं नव्हतं. त्याचा त्याला केवढा अभिमान! म्हणून तर त्या दुपारी शेख मिजहिम माणसं घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा त्यांना बसवून तो आधी स्वयंपाकघरात गेला.

काय मागणार, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. बंद छपराखाली, म्हणजे कॉफीघरात, कचेरीत, लग्नाच्या हॉलमध्ये कुणी सिगारेट-हुक्का ओढायचा नाही, असा ठराव उद्या नगरपालिकेत मताला येणार होता. मतं अर्धीअर्धी. धियाबची बायको वजीहा नगरसेविका. तिचा हात वर गेला तर ठराव पास, नाहीतर बारगळला.

स्वयंपाकघरात कॉफीचं भांडं उतरवता उतरवता तिनं बजावलं, “भिडेपोटी माझं मत देऊन बसू नका हं!”

“अगं, पण शेख आलेत! माझ्या भावाच्या गाडीखाली माणूस गेलं, तेव्हा त्या घरी हेच गेले होते ना शब्द टाकायला? ते नसते तर सूडापायी आपलं घर उठलं असतं.”

“आणि आपला नायेफ?”

धियाबनं आतल्या खोलीचं दार हळूच ओढून घेतलं.

नायेफ, त्यांचा थोरला, पलीकडच्या खोलीत निजला होता. तो रकानच्या कॉफीघरात हुक्के लावायचा. निखारे ठेवले की पहिले झुरके वाढप्यानंच मारायचे, धूर दाट आला की तोटी बदलून नळी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, हे तिथलं कामच. संध्याकाळभर हुक्क्यामागून हुक्का, आणि हिवाळ्यात वर दारंखिडक्या बंद. पोरानं स्वतःच्या हौसेनं कधी सिगारेट शिवली नाही, तरी छातीचा नुसता भाता झाला. पुन्हा धुरात गेला तर वाचणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. आणि गावात दुसरं काम आहे कुठं? जरा बरं वाटलं की जातो कामावर, असं पोरगं रोज म्हणायचं आणि बापाच्या काळजाचं पाणी व्हायचं.

कप मांडले गेले. शेखांनी आपल्या कपाला हात लावला नाही, मग बाकीच्यांनीही नाही. सिगारेटी मात्र पेटल्या. आणि धियाबनं काय करावं? सवयीनं उठून राखदाणी आणून ठेवली! पाहुण्याला नको म्हणायचं कसं? बाहेर कडाक्याची थंडी, खिडक्या लावलेल्या. धूर दाराच्या फटीतून आत जायला लागला.

“अबू नायेफ,” शेख धियाबला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारत म्हणाले, “नायेफच्या आईला उद्या घरी थांबव. डोकं दुखतंय म्हणावं, झालं.”

“डोकं तर आमचं उठलंय, वहिनींमुळे!” शेखांबरोबर आलेला कॉफीघरवाला रकान म्हणाला. मंडळी हसली.

आत खोकल्याची उबळ सुरू झाली. सगळ्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

“अरे, तुझ्या पोरासाठीच बोलतोय,” शेख म्हणाले. “कॉफीघर ओस पडलं तर नायेफ जाणार कुठं? रकाननं त्याची जागा राखून ठेवलीय. आणि खरं सांगू? त्यानं पेटवून दिलेल्या हुक्क्याची गोडी दुसऱ्या कुणाच्या हाताला नाही.”

दार उघडलं. नायेफ भिंतीला धरून उभा होता. थोर माणसं घरी आलीत आणि आपण सलाम न करता पडून राहायचं, हे त्याच्यानं होईना. आणि तिथला सलाम काय एका शब्दात उरकतो? तब्येत, घरदार, मुलंबाळं, पाऊसपाणी, सगळं विचारायचं असतं.

“शेख, या... कसे...” एवढं म्हणाला आणि दमच संपला.

शेख पुढच्या शब्दांची वाट पाहत राहिले. शब्द आलेच नाहीत. पोराचे ओठ निळे पडले होते, पण अदबीनं छातीवर ठेवलेला हात तसाच होता.

धियाब ताडकन उठला आणि त्यानं खिडक्या सताड उघडल्या.

“शेख, माझ्या कातड्याचे जोडे करून घातले तरी तुमचे उपकार फिटायचे नाहीत. माझी जमीन मागा, हे घर मागा. पण हे नाही देता येणार.”

“मिजहिमला रिकाम्या हातानं पाठवतोस?”

“हो,” धियाबचा आवाज फाटला. “कामावर धाडला तर मरतो, घरात ठेवला तर कुढतो. उद्या त्याच्या आईनं हात वर केला, तर बिनधुराच्या कॉफीघरात कामावर जाऊनही जगेल हो तो!”

शेखांनी नायेफकडे पाहिलं, सिगारेट विझवली आणि उठले. मंडळी मागोमाग गेली. दारात कुणीही धियाबचा हात हातात घेतला नाही.

वजीहा धावत आली. “काय शब्द दिलात?”

धियाबनं नुसतं बोट दाखवलं. एकाही कपाला ओठ लागले नव्हते. थंड झालेल्या कॉफीवर राख उडून बसली होती. तिनं डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं.

“आपल्या घराला तारलेल्या माणसाला आज मी तसंच धाडलं गं,” धियाब म्हणाला, आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

गार वारा घरभर शिरला होता. ती खिडकी लावायला वळली.

“राहू दे, आई,” नायेफ म्हणाला. “बाबा, उद्या... आईला तुम्हीच... नगरपालिकेत सोडायला जा.”

मधे दोनदा थांबला, पण वाक्य पुरं केलं.