एका कप्प्यासाठी ब्रिस्कोला

गावच्या दफनभूमीच्या भिंतीत शवपेटी ठेवायचा एकच कप्पा रिकामा उरला होता आणि त्यावर दोन म्हाताऱ्यांनी हक्क सांगितला होता. दोघेही अजून ठणठणीत होते, पण गावात जागेसाठी भांडायला मरावंच लागतं असं काही नाही.

एजिस्तोचं म्हणणं साधं होतं. कप्प्याच्या डावीकडे त्याची बायको दिर्चे होती आणि जाताना तिने बजावलं होतं, "माझ्या शेजारीच ये, इकडेतिकडे भटकू नकोस." लिबेरोचं म्हणणंही साधंच होतं. उजवीकडे ओलिंदो होता, लिबेरोचा ब्रिस्कोला या पत्त्यांच्या खेळातला भिडू. माझा बायकोशी संसार अकरा वर्षांचा, भिडूशी चाळीस वर्षांचा, मग जवळचं कोण ते तुम्हीच सांगा, असं तो भेटेल त्याला विचारत होता. नगरपालिकेच्या कारकुनाने हात झटकले. शुक्रवारी दुपारपर्यंत एक नाव द्या, नाहीतर चिठ्ठी टाकतो, म्हणाला. ज्याचं नाव लागणार नाही तो मागच्या नव्या भागात जाणार होता, टर्की कोंबड्यांच्या शेडला लागून. त्या शेडचा वास जिवंतपणीही सोसत नसे.

म्हणून गुरुवारी दुपारी दोघे इरीदेच्या बारमध्ये पत्ते घेऊन समोरासमोर बसले. जो जिंकेल त्याचा कप्पा. चाळीस वर्षं या टेबलावर चौघं खेळत आले होते. एका बाजूला एजिस्तो आणि नेव्यो, दुसऱ्या बाजूला लिबेरो आणि ओलिंदो. ओलिंदो हिवाळ्यात गेला आणि नेव्योला त्याची मुलगी तोरिनोला घेऊन गेली. तेव्हापासून पत्ते कपाटात पडून होते.

"दोघांत खेळतात तरी कसं?" लिबेरोने विचारलं.

"पाच वर्षांच्या पोरांना येतं ते," इरीदे काउंटर पुसत म्हणाली. "तीन-तीन पत्ते वाटा. एक उघडा ठेवा, तो हुकूम. हात झाला की गड्डीतून एकेक उचला, जिंकणाऱ्यानं आधी. सगळे मिळून गुण एकशेवीस. एकसष्ट झाले की जिंकला."

"आणि भिडू?"

"भिडू नाही."

दोघांचेही चेहरे पडले. भिडू नाही तर शिव्या कुणाला द्यायच्या?

इटलीच्या पत्त्यांत तलवारी, पेले असे रंग असतात; हुकूम तलवारींचा लागला. एजिस्तोने पत्ते उचलले, त्यात हुकमाचा एक्का होता, आणि त्याचे ओठ आपोआप चंबूसारखे पुढे आले. चौघांच्या डावात भिडूशी बोलणं हे पाप, पण तोंडाने खूण करायला परवानगी असते. एक्का असेल तर ओठांचा चंबू, एक्क्याखालोखालची तिर्री असेल तर तोंड वाकडं, राजा असेल तर डोळे छताकडे. चाळीस वर्षांत एजिस्तोचं तोंड त्याला न विचारता कामाला लागायला शिकलं होतं.

"दिसला रे एक्का, गाढवा!" लिबेरो खदाखदा हसला. आणि हसता हसता त्याचंच तोंड उजवीकडे वाकडं झालं.

"तुझी तिर्री दिसली," एजिस्तो म्हणाला.

एजिस्तोने तोंडासमोर वर्तमानपत्र धरून पाहिलं.

"पत्ते खेळतोयस की झोपा काढतोयस?" लिबेरो ओरडला. "इरीदे, ही लबाडी आहे!"

"म्हातारबुवा, तोंड उघडं ठेवा," इरीदेने निकाल दिला. "माझ्या बारमध्ये तोंड लपवून कुणी खेळत नाही."

एजिस्तोने वर्तमानपत्र खाली ठेवलं. दिर्चेला काय सांगायचं? तोंड ताब्यात राहिलं नाही म्हणून टर्क्यांकडे गेलो? उतारी लिबेरोची होती. त्याने एजिस्तोच्या चंबूकडे एकदा पाहिलं, मान डोलावली आणि पेल्यांची तिर्री खाली टाकली. सरळ दहा गुण. एजिस्तोने त्यावर हुकमाचा एक्का मारला. एका हातात एकवीस गुण!



"तिर्री दिलीस का मला?" एजिस्तोने विचारलं.

"तू चंबू केलास! समोरच्यानं चंबू केला की भारी पान टाकायचं, एवढंही कळत नाही का मला?"

"तो तुझ्यासाठी नव्हता."

"मग कुणासाठी होता?"

एजिस्तोने मान वर केली. समोर लिबेरोच बसला होता, जिथे नेहमी नेव्यो बसायचा. लिबेरोने तो हात गोळा करून आपल्यापाशी ठेवला. ओलिंदोबरोबरच्या जोडीत गोळा करायचं काम त्याचंच असे, आणि एजिस्तोने तर जन्मात कधी हात गोळा केला नव्हता, ते नेव्यो करायचा.

मग डाव जो रंगला म्हणता! इकडून डोळे छताकडे, तिकडून तोंड वाकडं. एकाने मारावं, दुसऱ्याने वर भर घालावी. "शाब्बास लेका!" "टाक, टाक, घाबरतोस काय!" मध्ये एकदा लिबेरोने घोड्याचं पान फुकट घालवलं, तेव्हा एजिस्तोने त्याला इतक्या मनापासून शिव्या घातल्या की इरीदेला भरून आलं. हिवाळ्यापासून एवढा आनंद एजिस्तोला झाला नव्हता. कप्पा तो साफ विसरला होता.

डाव संपला तेव्हा चाळीसच्या चाळीस पत्ते लिबेरोसमोर एका ढिगात होते. इरीदेने मोजले.

"एकशेवीस विरुद्ध शून्य."

"जिंकलो!" दोघेही एकदम ओरडले.

"हरलं कोण?" इरीदेने विचारलं. दोघांनी बाजूच्या दोन रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं.

"परत खेळू," लिबेरो म्हणाला. "या वेळी विरुद्ध."

एजिस्तोने पत्ते पिसायला घेतले आणि तसेच खाली ठेवले. टर्क्यांची भीती त्याला वाटतच होती. पण समोरचं हे वाकडं तोंड गमावण्याची भीती त्याहून मोठी निघाली, आणि याची त्याला भयंकर लाज वाटली.

"नको रे," तो म्हणाला. "जमणार नाही आपल्याला."

शुक्रवारी दोघे मिळून कारकुनापुढे उभे राहिले आणि कप्प्यासाठी दोन्ही नावं दिली. शवपेटी एकच मावेल, कारकून म्हणाला, पण राखेचे कलश असतील तर दोन बसतात.

"मला जाळा खुशाल," लिबेरो म्हणाला. "माझी बायको रोज हेच म्हणायची."

संध्याकाळ व्हायच्या आत एजिस्तो दफनभूमीत गेला. दिर्चेच्या फोटोवरची धूळ त्याने बाहीने पुसली आणि टोपी हातात धरून उभा राहिला.

"येतोय ग, शब्द दिला होता तसा," तो म्हणाला. "पण एकटा नाही. लिबेरोला आणतोय. नाक मुरडू नकोस, आधी ऐक. तो आणि ओलिंदो एका बाजूला, म्हणजे मला भिडू नाही. तुला पत्त्यातलं काही कळत नाही, माहीत आहे मला. पण मला अजून दोन-चार वर्षं तरी लागतील. तोवर शिकून घे."