लेकांसाठी राखून ठेवलेली घरं

शुक्रवारची नमाज आटोपून शुक्री घरी आला, तेव्हा त्याची बायको निहाद जेवण वाढत होती. गरम भांडं तिनं नुसत्या हातानं उचललं. चटका बसला असावा, पण तिला जाणवला नाही.

कैरोबाहेरच्या माळावर गरिबांसाठी स्वस्त घरं बांधायची कल्पना तिचीच. आर्किटेक्ट असून तिनं कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, जमीन मिळवली, वसाहत उभी केली. आज तिथल्या निम्म्याहून अधिक दारांना कुलपं होती. घर नसलेल्या मुलाला कुणी मुलगी देत नाही, ही तिथली रीत. म्हणून ऐपतवाल्यांनी दुडदुडणाऱ्या लेकांसाठी घरं अडवून ठेवली, आणि ज्यांच्यासाठी बांधली ते गच्चीवरच्या पडक्या खोल्यांतच राहिले. शुक्रीनंही त्यांच्या आठ वर्षांच्या मुलासाठी, यासीनसाठी, निहादच्या नावावर एक घेतलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, तशी तिची गत. ती गप्प बसली होती.

निहादची कचेरी झाडणाऱ्या बाईनं, लहानग्या हनानच्या आईनं, घर मागितलं, तेव्हा निहादनं ‘शिल्लक नाही’ म्हणून सांगितलं. या सोमवारी त्या बाईच्या गच्चीवरच्या खोलीची भिंत कोसळली. खाली हनान होती.

“यासीनचं घर मी हनानच्या आईला देतेय,” निहाद म्हणाली.

“डोकं ठिकाणावर आहे ना? उद्या पोराला मुलगी कोण देईल? की तुझ्या नकाशावर बसवून वरात काढायची त्याची?”

“त्याच्या बुटाची नाडी अजून मी बांधते, शुक्री.”

“सगळेच घेऊन ठेवतात, बाई.”

“म्हणून तर ती पोर गेली. आणि राहणाऱ्यालाच घर, ही अट लागेपर्यंत दुसऱ्या वसाहतीचा नकाशा मी काढणार नाही. तसं कळवलंय सरकारला.”

शुक्री न जेवताच उठला. तिला राग आला नाही की वाईटही वाटलं नाही.

हनानची आई आपल्या बहिणीच्या घरी भिंतीला टेकून बसली होती. निहादनं किल्ली पुढे केली. “धाकट्या दोघांना घेऊन राहायला जा. घर माझंच आहे.”

“तुम्ही तर म्हणाला होतात, एकही शिल्लक नाही.”

किल्ली धरलेला हात निहादनं तसाच पुढे ठेवला.

“तेव्हाही रिकामंच होतं का हो, इंजिनियरबाई?”

“हो.”

हनानच्या आईनं आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं. मग किल्ली घेतली, कारण आत दोन लेकरं झोपली होती.