देवघरातले रोमन नाणे

मित्रांनो, मी एक जुने चांदीचे नाणे आहे. किती जुने, ते लगेच सांगणार नाही. आधी तुमचे हात दाखवा. हातात लिंबू नाही ना?

हसू नका. संशय हा माझा स्वभाव आहे आणि तो मला माणसांनीच लावला. माझा जन्म रोमच्या टांकसाळीत झाला. तापलेल्या चांदीवर हातोडा बसला आणि माझ्या एका बाजूला तिबेरियस बादशहाचे डोके उमटले, दुसऱ्या बाजूला खुर्चीवर बसलेली बाई. मिरी घ्यायला निघालेल्या व्यापाऱ्याबरोबर मी समुद्र ओलांडून दक्षिणेत आले. इथे पहिल्याच सराफाने, आत तांबे तर नाही ना, हे पाहायला माझ्या कडेवर छिन्नी मारली. तो घाव अजून आहे. तेव्हापासून मीही कोणावर भरवसा ठेवत नाही.

पुढे मी म्हैसूरजवळ, कावेरीकाठच्या तलकाडच्या वाळूत गाडले गेले. फार उशिरा म्हैसूरच्या फौजेतल्या एका मराठा शिपायाला सापडले. त्याने ती बसलेली बाई पाहिली आणि हात जोडले. त्याला वाटले, आपली भवानीच आपल्या मागोमाग एवढ्या लांब आली. झाले, मी देवघरात कुलदेवीचा टाक होऊन बसले. दर दसऱ्याला घरच्या बायका मला लिंबू आणि रांगोळी लावून घासत. माया इतकी, की बाईचे नाक गेले, मग हात गेले, मग खुर्चीही गेली. बादशहा मात्र पालथा, कुंकवाच्या थरात लपून राहिला.

आता मी म्हैसूरच्या बोगादीत राहते, त्या शिपायाचे वंशज गंगाधरराव यांच्या घरी. यंदा त्यांच्या मुलाचे, गगनचे लग्न ठरले. झिजलेला टाक लग्नाआधी आटवून त्याच चांदीत नवा घडवायचा, ही घरची रीत.

"देवीचं तोंडच दिसंना," गंगाधरराव म्हणाले. "शुक्रवारी सोनाराकडं देतो."

त्याच आठवड्यात शेजारची तारा हळदीकुंकवाला आली. ती मूळची पुण्याची, जुनी नाणी जमवणारी. गंगाधररावांच्या पत्नी वनजाकाकूंनी कौतुकाने मला तिच्या हातावर ठेवले. तिने मला उलटे केले. हिचा डोळा माझ्यावर आहे, हे मी तेव्हाच ओळखले.

"काकू, मागे अक्षरं आहेत. वाटीत साधं पाणी द्याल?"

तिने मला घासले नाही, नुसते भिजत ठेवले. कुंकू सुटले आणि बादशहाचे डोके दिसू लागले, भोवती त्याचे नाव. तिने घरून भिंग आणि छोटा काटा आणला, वजन केले, फोनवरच्या चित्रांशी मला ताडून पाहिले.

"तिबेरियसचं रोमन नाणं वाटतंय," ती म्हणाली. "पण नकलाही खूप असतात."

पाहिलेत? दोन हजार वर्षांनीही तोच आरोप. मला फार राग आला. तिने माझ्या कडेवरून नजर फिरवली. ओतीव नकलेला असतो तसा सांधा तिला दिसला नाही. मग भिंग त्या जुन्या घावावर थांबले. "आतही चांदीच आहे. मुलामा नाही. मला तर हे खरं वाटतं." ज्या घावाला मी जन्मभर शिव्या दिल्या, तोच माझा साक्षीदार निघाला.

गंगाधरराव मात्र उखडले. "म्हणजे आमच्या थोरांनी परक्या राजाला नमस्कार घातला? मग तर आटवायलाच पाहिजे."

"सुम्ने, गप बसा हो," वनजाकाकू म्हणाल्या. "नमस्कार देवीलाच केलाय, अल्वा, हो ना? तो तिलाच पोचला. हिनं तिच्या जागी बसून एवढी वर्षं घासून घेतलं. हिला कशाला आटवायचं?"

गंगाधररावांनी मला उचलून परत देवघरात ठेवले. "आयतु, बरं," ते म्हणाले, "नवा टाक नव्या चांदीचा करू."

दसरा आला. वनजाकाकूंनी सगळे देव घासले आणि लिंबाचा हात माझ्याकडे वळला. माणसे बदलत नाहीत, मी मनात म्हटले. पण त्या थांबल्या. त्यांनी हात धुतले, पदराला कोरडे केले आणि ताराने दाखवले होते तसे मला कडेने उचलून मऊ कापडावर ठेवले. झिजलेली बाजू वर.

"राजा राहू दे खाली," त्या म्हणाल्या. "ही आमच्या हातानं झिजली. ही आमची."

मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली तर आधी तिची ओळख करून घ्या, चकाकीचे नंतर बघू. या आता जवळ. लिंबू तेवढे बाहेर ठेवा.