नेल्लोची सुरई

लाल दोऱ्याची सुरई गळ्यापर्यंत भरलेली होती. नेल्लोने ती उचलून पाहिली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. निळ्या दोऱ्याची मात्र कधीच रिकामी होऊन आडवी झाली होती.

"कुणी सांडली तर नाही ना ती निळी?" त्याने विचारले.

"सांडली असती तर माझी विजार कोरडी राहिली असती का?" शेजारचा फोस्को म्हणाला.

इटलीतल्या मारेम्मा भागातल्या त्या द्राक्षमळ्यावर दर मार्चमध्ये हीच रीत. सांजोव्हेजे, काबेर्ने आणि मेर्लो या तीन द्राक्षांची तिघांनी केलेली वेगवेगळी मिश्रणे तीन सुरयांत भरून, रानडुकराच्या रश्श्याबरोबर तळघरात काम करणाऱ्या बारा माणसांपुढे ठेवायची. नाव नाही, गाव नाही, गळ्यात फक्त दोरा. जी आधी रिकामी होईल ती त्या वर्षाची वाइन. बावीस वर्षे नेल्लोचीच रिकामी होत आली होती, आणि विनय कशाशी खातात हे त्याला ठाऊक नव्हते. आपली सुरई तो एका घोटात ओळखायचा; यंदा लाल दोऱ्याची त्याची होती.

तो स्वयंपाकघरात आला. त्याची बायको योलांदा ऑलिव्हच्या शिडीवरून पडल्यापासून प्लास्टरमधला हात घेऊन बसून होती. यंदा रस्सा तिच्या बहिणीने, मिरेल्लाने केला होता.

"मिरेल्ला, मीठ विसरलीस की काय? माझ्या वाइनला कुणी शिवलं नाही!"

"रश्श्याला नावं ठेवू नकोस हं! तिसऱ्यांदा वाढून नेलाय त्यांनी."

योलांदाने मान वर केली नाही. "मिरेल्ला, बाहेर चीज नेऊन दे," ती म्हणाली. बहीण गेल्यावर मग हळूच बोलली, "नेल्लो, दरवर्षी ताटं वाढताना तुझी सुरई मी आत आणायचे. अर्धी रश्श्याच्या पातेल्यात ओतायचे."

"काय?"

"तुझी वाइन मला वासावरून कळते. दोरा कशाला हवा?"

नेल्लो मटकन स्टुलावर बसला. एवढा धक्का त्याला बाप गेला तेव्हाही बसला नव्हता. जर्मनीपर्यंत गेलेल्या पेट्या, भिंतीवरची पदके, सगळे डोळ्यांपुढून सरकले.

"बावीसच्या बावीस वर्षं?"

"नाही रे. पहिली नऊ वर्षं मी हातसुद्धा लावला नाही. आपणहून संपायची. नंतर तू वाइन लाकडी पिंपात मुरवायच्या नादी लागलास. वाइन जड व्हायला लागली. घासाबरोबर उतरेना."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं. दोनदा. तू आठ-आठ दिवस बोलला नव्हतास."

ते खरे होते. त्याला आठवले आणि लाज वाटली.

तो बाहेर आला. फोस्कोच्या पेल्यात निळ्या सुरईतली थोडी उरली होती. नेल्लोने रश्श्यातला मांसाचा एक तुकडा खाल्ला आणि तो घोट घेतला. वाइन दमदार होती, पण मांसाला दाबत नव्हती. तोंड पुन्हा पुढचा घास मागत होते. ही कुणाची, हे त्याला विचारावे लागले नाही. टेबलाच्या टोकाला डुच्चो मान खाली घालून पाव कुस्करत होता. सहा वर्षांपूर्वी नेल्लोनेच त्याला पिंपे धुवायला ठेवले होते.

"काबेर्ने किती घातलंस?" नेल्लोने विचारले.

आजवर त्याने कुणालाच असे विचारले नव्हते. डुच्चो उत्तर द्यायला उभा राहिला.