निकालासाठी काढलेली अकरा नावं

दहावीतली एक मुलगी कार्यालयाच्या दारात रडवेली उभी होती. "मावशी, माझा परीक्षेचा फॉर्म भरलाच जात नाहीये."

सव्वीस वर्षं शाळेत कारकुनी करणाऱ्या बाईंना सगळी मुलं मावशीच म्हणत. त्यांनी संगणकावर मुलीचं नाव शोधलं. पुढे शेरा होता : 'शाळा सोडली.'

"अगं, तू तर रोज वर्गात असतेस!"

हजेरीपट काढला. कावीळ झाली तेव्हाचे नऊ दिवस सोडले तर एक खाडा नाही. मग मावशींनी अख्खी यादी तपासली. एकाच दुपारी अकरा मुलांनी शाळा 'सोडली' होती, आणि अकराही सहामाहीत नापास झालेली. मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मुख्याध्यापक चष्मा पुसत म्हणाले, "बाई, यंदा निकाल शंभर टक्के लागायला हवा. ही मुलं तशीही गटांगळ्या खाणार."

"शाळेचं नाव काढायचं म्हणून पोरांची नावं काढलीत?"

"आवाज खाली! तुमचं काम फक्त नोंदी ठेवायचं."

"तेच करतेय. माझ्या दप्तरात खोटी नोंद राहणार नाही."

हजेरीपट पिशवीत घालून मावशी थेट शिक्षण कार्यालयात गेल्या. साहेब मान वर न करता म्हणाले, "दुरुस्तीची मुदत परवाच संपली."

मावशींनी हजेरीपट त्यांच्या टेबलावर उघडला आणि एकेक नाव, हजर दिवसांसकट, खणखणीत वाचायला सुरुवात केली. बाहेर ताटकळलेले पालक दारात गोळा झाले. सातव्या नावाला कुणीतरी ओरडलं, "पोरं वर्गात बसलीत आणि तुम्ही मुदती कसल्या सांगता?" साहेबांनी मुकाट्याने फोन उचलला. दोन दिवसांची सवलत मिळाली.

दहा फॉर्म भरले गेले. यादीतली शेवटची मुलगी तीन आठवडे शाळेतच आली नव्हती. मावशी तिच्या घरी गेल्या. वडील रंगारी होते, हाताचा रंग पुसत म्हणाले, "हेडसरांनी बोलावून सांगितलं, हिचं नाव कमी केलंय. आता कारखान्यात पाकिटं भरते."

तेवढ्यात मुलगी कामावरून आली. मावशींनी तासभर समजावलं. ती खाली बघत एवढंच म्हणाली, "नको मावशी. सर म्हणाले, मी मठ्ठ आहे."

पुढच्याच आठवड्यात मावशींना नोटीस आली : परवानगीशिवाय दप्तर बाहेर नेलं. मुख्याध्यापकांना मात्र कुणी चकार शब्द विचारला नाही. मावशींनी त्याच दुपारी शिक्षण कार्यालयात जाऊन त्यांच्याविरुद्ध लेखी तक्रार केली. पहिलं नाव पाकिटं भरणाऱ्या मुलीचं घातलं आणि तक्रारीची पोच हातात पडेपर्यंत त्या खिडकीपुढून हलल्या नाहीत.