पोकळ नळीची बाबागाडी

मी संशयी आहे, हे आमच्या गल्लीतलं कुणीही सांगेल. सायकलच्या धंद्यात वीस वर्षं काढल्यावर माणूस दुसरं काय होणार? गिऱ्हाईक म्हणतं, 'एकच पंक्चर हाय, मिस्त्री', आणि मी सगळी ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बघतो. तीन जागी तरी बुडबुडे निघतातच. म्हणून १९७८ साली मस्कतहून जावयाचं पत्र आलं, तेव्हा मी ते एकदा नाही, चार वेळा वाचलं.

जावई फक्रुद्दीन कागलचा. तिकडे फिटर म्हणून गेला त्याला तीन वर्षं झाली होती. माझी एकुलती एक मुलगी मलिका आणि तिची चार वर्षांची खैरुन, दोघी कोल्हापुरात माझ्याकडेच राहत. मलिकाची आई जाऊन बराच काळ झाला, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. आता दोघींची कागदपत्रं झाली होती आणि महिन्याभरात त्या विमानाने मस्कतला निघणार होत्या.

पत्रात लिहिलं होतं, 'मामू, खैरुनला घडीची बाबागाडी करून द्या. पोकळ नळीचीच करा. विमानाच्या जिन्याशी घडी घालून मलिकाला ती एका हाताने उचलता आली पाहिजे. कारण पत्रात लिहिण्यासारखं नाही. मलिकाला ठाऊक आहे.'

चार वर्षांच्या पोरीला बाबागाडी? ही पोरगी सकाळी उठली की शेजारच्या शेळीमागं पळायची, ती दिवेलागणीलाच घरात यायची. हिला ढकलत न्यायचं? आणि पोकळच नळी का? असलं कुठलं कारण, की जे सासऱ्याला लिहिता येत नाही?

मी मलिकाला विचारलं, "काय गं, गाडी कशापायी पायजे?"

ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. "कळंल की मागनं," असं म्हणून तिनं तोंड तव्याकडं फिरवलं. माझ्या पोरीला लबाडी कधी जमली नाही, लगेच कान लाल होतात. कान लाल झाले होते.

मग मला सगळंच दिसायला लागलं. तीन वर्षांत फक्रुद्दीनने कागलला चार खोल्या बांधल्या. फिटरच्या पगारात? दोन महिन्यांपूर्वी दरवर्षीसारखा रजेवर आला तेव्हा मनगटावर सोनेरी घड्याळ होतं. दुकानाशेजारचा चहावाला पिराजी तर आखातातून आलेल्या माणसांच्या गोष्टी रोज सांगायचा. कुणी बुटाच्या टाचेत सोनं आणलं, कुणी इस्त्रीच्या पोटात. मी त्याला सहज विचारल्यासारखं केलं, "नळीतनं आणत्यात का रं?"

"नळी म्हंजे राजमार्ग की!" पिराजी म्हणाला. "जाताना मोकळी, येताना भरल्याली. आणि वर बारकं पोरगं बसिवलं की कोण बघतंय?"

कस्टमवाले फक्रुद्दीनला धरतील ते धरतील, पण गाडी ढकलणार माझी मलिका. बेड्या तिच्या हातात पडल्या असत्या. आणि गाडी बनवणारा मी, तिचा बाप! त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

नाही म्हणावं तर तो दुसऱ्याकडून करून घेईल. म्हणून मी होय म्हणालो आणि माझ्या डोक्याने काम केलं. नळ्या घेतल्या, हव्या तशा वाकवल्या, सायकलच्या लहान चाकांवर बसवल्या, घडी पडेल असे सांधे केले. वाकवण्याआधी प्रत्येक नळीत लोखंडी सळई ठोकून भरली आणि दोन्ही तोंडं वेल्डिंगने बंद केली. आता आत सुईसुद्धा गेली नसती. वर निळा रंग दिला, खैरुनला आवडतो म्हणून. गाडी झाली सोळा किलोची. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. पोरगी वाचली, असं मला खरोखर वाटत होतं.

मलिकाला मी गाडीला हात लावू दिला नाही. रंग वाळायचाय, सांधे बसवायचेत, असं काहीबाही सांगत निघायच्या सकाळपर्यंत दुकानातच ठेवली.

मी त्यांना मुंबईपर्यंत सोडायला जाणार होतो. सकाळी स्टँडवर पोचलो. शेजारची धोंडुबाई निरोप द्यायला आली होती, शिदोरीचं गाठोडं घेऊन. मी ट्रंक एसटीच्या टपावर चढवत होतो. वरून बघितलं तर मलिकाने गाडीची घडी घातली आणि मला द्यायला म्हणून ती उचलली. गुडघ्यापर्यंत उचलली आणि तशीच खाली टाकली. मग कमरेला हात लावून ती मटकन खाली बसली. चेहरा पांढराफटक.

धोंडुबाईने गाडी उचलून बघितली आणि माझ्याकडे मान वर करून ओरडली, "मिस्त्री, ह्यात काय दगूड भरलाय व्हय? पोरगीला उचलाय लावताय ह्ये?"

"मजबूत नको?" मी म्हणालो.

"मजबूत! आवो, तिला तिसरा म्हैना हाय! डाक्टरनं जड कायबी उचलू नगो म्हणून सांगिटलंय. गेल्या साली ती आठ दीस निजून हुती, तवा ताप न्हवता, मिस्त्री. प्वार गेलं हुतं तिचं. खैरुनला कडंवर घ्याय लागू नये म्हणून तर मागिटली ना गाडी!"

सगळा स्टँड ऐकत होता. मी टपावर उभा होतो आणि मला खाली उतरता येईना. इतकी लाज मला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती. गेल्या साली मी तापावरच्या गोळ्या आणून दिल्या होत्या आणि वर, पोरीनं आंबट खाल्लं असंल, म्हणून बडबडलो होतो.

उतरून मी गाडीची घडी परत उचलून बघितली. खैरुनला उचलण्यात आणि हिला उचलण्यात काही फरक नव्हता. सळया काढायच्या तर नळ्या कापाव्या लागणार, आणि कंडक्टर घंटी मारत होता. मी गाडी धोंडुबाईच्या पुढ्यात ठेवली आणि खैरुनला खांद्यावर घेऊन आत चढलो.

एसटी सुटल्यावर मलिकाने हळूच विचारलं, "अब्बा, नळीत काय हाय?"

"सळया."

"कशापायी?"

मी सांगितलं. सोनं, पिराजी, कागलच्या चार खोल्या, सगळं सांगितलं. तिच्यापासून आणखी काही लपवायची मला हिंमत नव्हती.

"दोन-दोन पाळ्या करत्यात ते," एवढंच ती म्हणाली आणि खिडकीकडं वळली.

"तू मला का न्हाय सांगिटलंस?"

"बापाला कोण सांगतं व्हय असलं?"

खरं होतं. आमच्यात मुलगी असलं बापाला सांगत नाही आणि जावई सासऱ्याला लिहीत नाही. आई असती तर तिने सांगितलं असतं. साताऱ्याजवळ मलिका डोळे पुसून म्हणाली, "त्यास्नी मात्र ह्ये सांगू नगा. लई वाईट वाटंल त्यास्नी. मामू मामू करत असत्यात."

मुंबईत पोचलो ते थेट विमानतळावर. दुसरी गाडी शोधायला वेळ नव्हता. दारापर्यंत मी खैरुनला खांद्यावरून खाली ठेवलं नाही. पुढे तिकिटवाल्यांनाच सोडत होते. मी शिपायाला म्हणालो, "साहेब, पोरीला निस्तं विमानापातुर नेऊन सोडतो, लगीच माघारी येतो." त्याने मान हलवली. मी पुन्हा विनवलं. त्याने मला हाताने बाजूला केलं.

मी खैरुनला खाली उतरवलं आणि तिच्यासमोर उकिडवा बसलो. "आईला उचल म्हणायचं न्हाय. चालायचं. चालशील न्हवं?"

"व्हय नाना," ती म्हणाली.

मलिका माझ्या पाया पडायला वाकणार होती, मी तिला वाकू दिलं नाही. काचेच्या दारातून दोघी आत गेल्या. आतला रस्ता आमच्या गल्लीपेक्षा लांब होता. दिवसभराच्या प्रवासाने पोरगी पेंगुळली होती, तरी आईचं बोट धरून नीट चालत होती. मी काचेला कपाळ लावून तिची पावलं मोजत होतो. तिसाव्या पावलाला ती थांबली आणि तिने दोन्ही हात वर केले.

मलिकाने एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलं. मग ती वाकली आणि तिने खैरुनला उचलून कडेवर घेतलं.